थोरल्या जावेनं चुन्यावर पाणी ओतलं

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा राजे पुष्कळ होते आणि रंगारी त्याहून पुष्कळ. अशाच एका रंगाऱ्याच्या घरी दोन जावा नांदत होत्या.

थोरलीची नजर अशी, की निळ्या रंगाच्या वीस छटा ती लांबून ओळखायची. पण त्याचं तिला काही अप्रूप नव्हतं. तिला दिसायची ती फक्त धाकटी. धाकटी चुन्याच्या भट्टीवाल्यांची लेक. निळीच्या रांजणात चुना लागतो, आणि तो हाताळावा तर तिनंच. सासूबाई म्हणायच्या, "पोरीच्या हाताला वळण आहे हो!" ते ऐकलं की थोरलीच्या पोटात दुखायचं. घास गोड लागायचा नाही.

एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, "उद्या नीळ कालवून नवा रांजण लावायचाय. कुणी लावायचा ते संध्याकाळी सांगते."

आता धाकटीचंच नाव निघणार, असं थोरलीनं धरलंच. आपल्यालाही चुना हाताळता येतो हे दाखवायला तिनं घाईघाईनं फळीवरचं मडकं उतरवलं. ते निसटलं, फुटलं, आणि कळीचा चुना स्वयंपाकघरभर पसरला.

"जाऊबाई, पाणी लावू नका!" धाकटी परसातून ओरडली. "तो अजून विझवलेला नाही. तोंडाला पदर बांधा, बाजूला व्हा. मी कोरडी केरसुणी आणते. सुका चुना सुकाच भरायचा."

थोरलीला शब्दन् शब्द ऐकू आला. 'आली मोठी शिकवणारी!' ती मनात म्हणाली. 'ही येऊन झाडणार आणि वाहवा हिचीच होणार. त्यापेक्षा हिच्या आधी मीच धुऊन टाकते.' आणि तिनं तांब्याभर पाणी चुन्यावर ओतलं.

चुना फसफसला, खदखदला. वाफ उठली आणि कढत शिंतोडे थेट तिच्या डोळ्यांत गेले. ती किंचाळून खाली बसली.

धाकटी धावत आली. तिनं थोरलीला दंडाला धरून अंगणात नेलं, कोरड्या फडक्यानं कपाळावरचा, गालावरचा चुना झटकला आणि डोळ्यांवर पाण्याची धार धरली. घागरीमागून घागर रिकामी होत होती.

"मघाशी पाणी नको म्हणालीस ना?" थोरली कळवळून म्हणाली.

"थोड्या पाण्यानं तो पेटतो, जाऊबाई. भरपूर पाण्यानं वाहून जातो. डोळे मिटू नका."

डोळ्यांची आग होत होती, तरी थोरलीच्या मनात आलंच, की आता गावभर हिचंच नाव होणार!

सासूबाई आल्या. "अगं, हिला कुणी सांगितलं नाही का?"

"माझंच चुकलं," धाकटी खाली मान घालून म्हणाली. "मी सांगेपर्यंत उशीर झाला."

थोरली सुटली होती. नुसतं गप्प बसायचं होतं. पण मत्सराची कधी नव्हे एवढी मोठी कळ उठली. म्हणजे चांगुलपणातही हीच पुढे! आणि मग तिला स्वतःचीच शरम वाटली. इतकी, की रडू आवरेना.

"खोटं बोलतेय ती," थोरली म्हणाली. "तिनं वेळेवर सांगितलं होतं. ती सांगत होती म्हणूनच मी ऐकलं नाही."

सासूबाईंनी रिकामी घागर उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "रांजण मी तुझ्याच हातून लावणार होते गं. छटा ओळखणारं या घरात दुसरं आहे कोण?"

वैद्यानं पुष्कळ लेप लावले. डावा डोळा वाचला, पण पूर्वीची नजर त्यालाही राहिली नाही; उजव्यापुढचं धुकं तर कायमचं राहिलं. रांजण धाकटीनं लावला. पहिलं कापड वर काढलं तेव्हा ती थोरलीपाशी घेऊन गेली. थोरलीनं ते उन्हात धरलं, डाव्या डोळ्यानं पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि हळूच विचारलं, "तूच सांग बाई, कोणता निळा आलाय?"

तात्पर्य : सांगणाऱ्याचा हेवा वाटला म्हणून त्याचं खरं सांगणं झिडकारलं, तर नुकसान आपलंच होतं.