हौसाबाईंचा वेबकॅम

कॉम्प्युटरला अजून स्वतःचे डोळे फुटले नव्हते, त्या काळची गोष्ट. मिरजेतल्या एका दुकानात दोन वेबकॅम शेजारी शेजारी राहत. महागडा म्हणायचा, “मी चेहऱ्यावरचा तीळसुद्धा दाखवतो.” स्वस्त वेबकॅम विचारायचा, “पण माणसं एकमेकांत बघतात तरी काय?”

एकदा हौसाबाई दुकानात आल्या. त्यांना ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. त्यांची लेक वैजूही तशीच. ती सासरी, सुरतेला होती. दोघी हातांनी बोलायच्या.

दुकानदाराने महागडा वेबकॅम जोडून वैजूला व्हिडिओ कॉल लावला. हौसाबाईंचा चेहरा लख्ख दिसला, पण हात चौकटीबाहेर राहिले. वैजूला काहीच कळेना. हौसाबाई हिरमुसल्या.

मग दुकानदाराने स्वस्त वेबकॅम जोडला. चित्र थोडं धूसर होतं, पण त्यात दोन्ही हात मावले. हौसाबाईंनी हातांचा पाळणा करून झुलवला आणि भुवया उंचावल्या. पलीकडे वैजू लाजली. मग तिने हळूच मान डोलावली.

“काय विचारलं रे त्यांनी?” महागड्याने न राहवून विचारलं.

“थांब,” स्वस्त वेबकॅम म्हणाला, “अजून बोलतायत त्या.”