वाट बघू की वाट धरू

“मग नाटक पडलं म्हणायचं का, अण्णा?”

अण्णा तोरसकर अंगणात सुपारी कातरत बसले होते. संगीत नाटकात उभं आयुष्य गेलेला माणूस. विचारणारी सुहिता केळुसकर ही त्यांची शिष्या. गळ्यानं तयार, आणि आपण तयार आहोत हे पुरेपूर ठाऊक असलेली.

“काय झालं ते सांग,” अण्णा म्हणाले.

काल प्रयोग होता. तीन पात्रांचं संगीत नाटक. समुद्रावर गेलेला नवरा परत आलेला नाही. सासरा सुनेला म्हणतो, थांब. माहेराहून भाऊ होडी घेऊन आलाय, तो म्हणतो, चल. दोघांच्या मधे उभी राहून ती गाते :

वाट बघू की वाट धरू,
सांगा कोणी, काय करू?

शेवटी ती थांबते. सासऱ्याच्या हातातला दिवा घेऊन दारात बसते, आणि पडदा पडतो.

पुण्यात सुहितानं याचे प्रयोग गाजवले होते. त्या पदाला तिथे कुणी खोकतसुद्धा नसे. तेच नाटक तिनं आता मालवणीत आणलं होतं, आपल्या मुलखात. पहिला प्रयोग खाडीकाठच्या एका देवळाच्या सभामंडपात लागला.

“मी तान उचलणार, तेवढ्यात मागून एक बाई ओरडली, ‘जा गो बाय! कित्याक रवतंस वाट बघीत?’ लगेच दुसरी म्हणते, ‘आणि म्हाताऱ्याक कोण बघतलो?’ जुंपलीच त्यांची. मग पुरुषही बोलायला लागले. बाबलनं पेटी थांबवली.”

“मग?”

“मी पुढे येऊन सांगितलं, कृपया शांतता राखा. हे नाटक आहे.”

“राखली?”

“राखली. शेवटपर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही. टाळ्या वाजवल्या आणि उठून गेले... अण्णा, या लोकांना नाटक बघायची रीत ठाऊक नाही.”

अण्णांनी अडकित्ता बाजूला ठेवला.

“ते पद म्हण.”

सुहिता गायली. सुरेख गायली. ‘काय करू’ म्हणत समेवर आली आणि तिथून तान उचलली.

“जा,” अण्णा म्हणाले.

तान चालूच राहिली.

“जा म्हटलं ना.”

सुहिता थांबली. “अण्णा, तान तरी पुरी होऊ द्या.”

“तू विचारलंस. मी सांगितलं.”

“मी तुम्हाला कुठे विचारलं? ते पदात आहे.”

“मग कुणाला विचारलंस?”

सुहिता पायरीवर बसली. अण्णांनी पुन्हा अडकित्ता उचलला.

“परत कधी आहे प्रयोग?”

“उद्या, त्याच देवळात. ठरलाय म्हणून करायचा. कुणी येईल असं वाटत नाही.”

“मी येतो,” अण्णा म्हणाले.

लोक आले. दिवेलागणीपर्यंत सभामंडप भरला. पण सगळे हाताची घडी घालून बसले होते, शाळेत तपासणीला साहेब आल्यासारखे. भावाच्या कामातल्या गिरिधरनं ‘भरती इली रे, सोड होडी’ म्हटलं, तरी कुणी मान हलवली नाही.

ते पद आलं. सुहिता गायली. ‘काय करू’वर तिनं बाबलला हातानं खूण केली. पेटी थांबली.

तान घेतली नाही.

ती लोकांकडे बघत उभी राहिली. लोक तिच्याकडे. गप्प राहायचं हे त्यांना बजावून सांगितलेलं होतं...

तान घ्यावी आणि सुटावं, असं सुहिताच्या मनात आलं. पण ती दोन पावलं पुढे आली, आणि सूर न लावता, साध्या बोलण्यात म्हणाली,

“सांगा ना गो. मी काय करू?”

बायकांतून इंद्रावती तांडेल उठली. हिचा नवरा ऐन तारुण्यात होडी घेऊन गेला तो आलाच नव्हता. तिचे केस आता पिकले होते. संध्याकाळी ती अजून किनाऱ्यावर जाऊन उभी राहते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

“मी रवलंय,” ती म्हणाली. “तू रवू नको.”

आणि खाली बसली.

सासऱ्याचं काम करणाऱ्या दिगंबरमामांनी ठरल्याप्रमाणे दिवा पुढे केला. सुहितानं तो घेतला नाही. ती वाकली, त्यांच्या पायांना हात लावला.

मामा गोंधळले. मग त्यांचा हात हळूच तिच्या डोक्यावर आला.

“जा बाय,” ते म्हणाले. “माझी काळजी करू नको.”

हे वाक्य नाटकात नव्हतं.

सुहिता होडीत जाऊन बसली. गिरिधरनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मामांकडे, आणि वल्हं उचललं. त्याच्या तोंडून होडीचं गाणं आपोआप निघालं. दुसऱ्या ओळीला एक बाई त्यात मिसळली. मग चार जणी. मग सगळा सभामंडप.

भरती इली रे, सोड होडी!

परवा भांडलेल्या दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून गात होत्या. सुहिता रडत होती आणि गात होती. बाबलला पेटीचा आवाज स्वतःलाच ऐकू येईना. पडदा ओढला तरी गाणं थांबलं नाही, म्हणून तो परत उघडावा लागला.

नंतर बायका रंगमंचावर चढल्या. इंद्रावतीनं सुहिताचा चेहरा ओंजळीत धरला. पलीकडच्या गावचे लोक गिरिधरला घेरून उभे होते : आमच्याकडे कधी येता? दिगंबरमामा खुर्चीवर बसून ज्याला त्याला सांगत होते, “ता वाक्य माझा हा!”

सुहिता गर्दीतून वाट काढत अण्णांकडे आली. तोंडावरचा रंग ओघळलेला, पण चेहरा असा फुललेला की अण्णा बघतच राहिले.

ती पाया पडली.

“अण्णा, आज मी कशी गायले?”

“मला काय ठाऊक, बाय?” अण्णा म्हणाले. “मी गात होतो.”