चुलीत गेलेल्या कामट्या

एकदा एक वृद्ध हाडवैद्य परगावाहून परतला आणि ओसरीवर पाऊल टाकताच थबकला. त्याचा शिष्य अंबादास स्वतःच्या वडिलांना पाठुंगळी घेऊन न्हाणीघराकडे निघाला होता. वडील कापडाचे व्यापारी, गाव त्यांना शेटजी म्हणे. घाटात बैलगाडी उलटून त्यांची नडगी मोडली होती. 'अमावास्येला कामट्या सोड आणि त्यांना चालतं कर,' असं वैद्य सांगून गेला होता. आता पौर्णिमा आली, तरी बांबूच्या कामट्या पायावर तशाच. परक्यांच्या पायांवरच्या कामट्या अंबादास बिनदिक्कत सोडत असे. बापाच्या पायाशी मात्र त्याची सारी विद्या लटपटली होती.

वैद्याने शेटजींना बाजेवर बसवून कामट्यांच्या गाठी सोडल्या आणि अंगठ्याने नडगी वरपासून खालपर्यंत दाबून पाहिली. शेटजींना कुठेच दुखलं नाही. हाड सांधलं होतं. पोटरी मात्र पार वाळून गेली होती. वैद्याने कामट्या उचलल्या आणि सरळ पेटत्या चुलीत घातल्या. सोडलेल्या कामट्या पुन्हा बांधायच्या नाहीत, जाळून टाकायच्या, अशी वैद्याच्या घराण्याची रीत होती.

अंबादास घाबरून म्हणाला, "गुरुजी, पाय पुन्हा मोडला तर या वयात ते कायमचे अंथरुणाला खिळतील."

"असेच राहिले तरी खिळतील," वैद्य म्हणाला. "शेटजी, उठा. भिंतीला हात लावून चाला."

शेटजी उठले. पाय थरथरू लागला. अंबादास धावणार तोच वैद्याने त्याचं मनगट पकडलं. म्हाताऱ्याची पकड भलतीच घट्ट होती. दुसऱ्याच पावलाला शेटजींचा गुडघा वाकला, ते कण्हले, आणि अंबादासने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा वडील भिंतीला टेकून धापा टाकत होते. पण उभे होते.

"हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे," वैद्य म्हणाला. "त्याच्या आत सूक्ष्म पेशी वस्तीला असतात. अंगावर भार आला की तो त्यांना जाणवतो. मग त्या हाड बांधणाऱ्या पेशींना कामाला लावतात, स्नायूंकडेही निरोप धाडतात. भारच आला नाही, तर त्या हाड पोखरणाऱ्या पेशींना मोकळीक देतात. हाड विरळ होतं, पोटरी वाळते. गेला पंधरवडा वडिलांचा भार तू वाहिलास. तुझी पोटरी बघ आणि त्यांची बघ."

अंबादासने पाहिलं, आणि त्याला रडू आलं. आपल्याच मायेने आपण बापाला पांगळं करत होतो, हे त्याला आता कळलं.

वैद्याने त्याचं मनगट सोडलं. शेटजी पुन्हा बाजेवर येऊन टेकले आणि सवयीने म्हणाले, "अंबा, जरा पाणी दे रे."

अंबादास उठला, रांजणाकडे निघाला, आणि अर्ध्यावरून तसाच मागे येऊन बसला.

"रांजण पलीकडच्या कोपऱ्यात आहे, आबा," तो म्हणाला. "सावकाश जा. मी इथेच आहे."