धुळ्याच्या गाडीतला रुमाल

२७ जून, शुक्रवार. सकाळपासून आभाळ भरलेले, पाऊस नाही. हवेत उकाडा, दहाच्या सुमारास थोडा वारा सुटला.

एकदा एका मुलीने मनातली सर्वांत पहिली गोष्ट कागदावर सर्वांत खाली लिहिली, आणि एका वृद्ध शिक्षकाने तिला रागे न भरता बसस्थानकावर नेले. त्याची ही हकीकत.

मुलीचे नाव तेजल. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्थानकाच्या अगदी समोर, तिच्या वडिलांचे मोटारसायकलींची सीट कव्हरे शिवण्याचे दुकान आहे. वडिलांचे नाव निंबा महाजन. तेजल सातवीत असताना तिची आई गेली. तेव्हापासून घरात बापलेक दोघेच.

बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेत तेजलला चांगले गुण पडले. शेती आणि तिच्याशी जोडलेल्या विषयांच्या सगळ्या कॉलेजांसाठी एकच अर्ज होता. त्यात हवी ती कॉलेजे क्रमाने लिहायची आणि गुणांप्रमाणे त्यांतले एक मिळायचे. त्यातला एक नियम मात्र कडक होता. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागे, पुढच्या फेऱ्या बंद होत. त्याच्या खालचे मिळाले, तर ती जागा राखून वरच्याची वाट पाहता येई. क्रम भरण्याची मुदत या शुक्रवारी संध्याकाळी संपत होती.

आदल्या दिवशी ती यादी घेऊन बागूल गुरुजींकडे गेली. गुरुजी भूगोलाचे शिक्षक. निंबाला त्यांनी शाळेत शिकवले होते, आणि निवृत्त झाल्यावर घरच्या ओट्यावर तेजललाही. यादी दोन पाने भरून होती.

गुरुजी म्हणाले, "ज्या कॉलेजाबद्दल तुला एकही प्रश्न विचारावासा वाटत नाही, ते खोड."

तिने पेन घेतले आणि बराच वेळ खोडत राहिली. नावाजलेली काही कॉलेजे गेली, मैत्रिणींनी भरली म्हणून लिहिलेली गेली. शेवटी सहा उरली. सगळ्यांच्या वर धुळ्याचे कृषी महाविद्यालय. सगळ्यांच्या खाली, कोकणात समुद्राकाठी असलेले, मत्स्यशास्त्र शिकवणारे.

"धुळं वर का गं?"

"जवळ आहे ना, गुरुजी. रोज जाऊन-येऊन करता येतं. आणि माझ्या मार्कांना पहिल्याच फेरीत नक्की लागतं."

"आणि हे समुद्राकाठचं?"

"ते असू द्या. नावाला."

गुरुजींनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्यांनी क्रमाविषयी एक शब्दही काढला नाही. "उद्या साडेनऊला स्टँडवर ये," एवढेच म्हणाले. "येताना एक धुतलेला रुमाल आण."

रात्रभर विचार करूनही तिला रुमालाचा अर्थ लागला नाही.

शुक्रवारी ती आली तेव्हा गुरुजी चौथ्या फलाटाच्या बाकावर छत्री टेकून बसले होते. धुळ्याची गाडी आत वळली तशी माणसे तिच्यामागे धावली. आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे: दारात रेटारेटी करण्याआधी खिडकीतून रुमाल, पिशवी, काहीतरी आत टाकायचे. ज्याचा रुमाल त्याची जागा. त्यावर सहसा कोणी भांडत नाही.

"टाक रुमाल," गुरुजी म्हणाले.

"मी? कशाला?"

"यादीत पहिलं धुळंच आहे ना? टाक."

तिने हसत हसत रुमाल टाकला. तो खिडकीजवळच्या आसनावर पडला. गाडी भरली, माणसे दांड्यांना धरून उभी राहिली. गुरुजी मागच्यांना वाट देत पायऱ्या चढले आणि तिला म्हणाले, "चल, बस."

"गुरुजी, मला कुठं जायचंय?"

"जागा तू धरलीस."

शेजारी टोपली घेऊन उभी असलेली बाई म्हणाली, "बसायचं नव्हतं तर रुमाल कशापायी फेकला गं बाई? माझे गुडघे बघ."

तेजल ओशाळली. तिने त्या बाईला खिडकीशी बसवले आणि उरलेल्या जागेत अंग चोरून स्वतः टेकली. कंडक्टर आला. "आजोबा, तुमचं फुकट. पोरीचं अर्धं. कुठलं देऊ?"

"नाक्यापर्यंतचं दे," गुरुजी म्हणाले.

"नाक्यापर्यंत? अहो मास्तर, तेवढं तर म्हशीसुद्धा चालत जातात."

"म्हशींना घाई नसते. दे तू."

गाडीत हशा पिकला. गाडी मागे सरली, वळली, फाटकातून बाहेर पडली. तेजल हसत नव्हती. मान वळवून, त्या बाईच्या खांद्यावरून, ती दूरच्या पहिल्या फलाटाकडे पाहत होती. फाटक नजरेआड झाले तरी मान तशीच होती.

नाक्यावर दोघे उतरले. परत यायला रिक्षा लवकर मिळाली नाही. मिळाली ती निम्मी भाजीने भरलेली. स्थानकात आल्यावर तेजल आपसूक पहिल्या फलाटापाशी गेली. तिथे तेलाचा एक ओला डाग होता आणि सांडलेले शेंगदाणे टिपणारी कबुतरे.

"काय शोधतेस?" गुरुजींनी विचारले.

"काही नाही. पुण्याची गाडी इथं लागते. सव्वादहाची."

"कुठाय?"

"गेली."

"तू का नाही चढलीस?"

तिला राग आला. "तुम्हीच मला धुळ्याच्या गाडीत बसवलंत की."

"मी बसवलं खरं," गुरुजी बाकावर बसत म्हणाले, "पण तुझ्याच कागदाप्रमाणे बसवलं. बस इथं. तुझ्या समुद्राची गाडी इथून सुटत नाही, पुण्याला जाऊन बदलावी लागते. म्हणून तू शाळेत असल्यापासून या पुण्याच्या गाडीकडे बघत आलीस. दुकानाच्या पायरीवरून बघायचीस, मी बाजारात जाताना पाहिलंय. आज धुळ्याच्या गाडीत मी तुझ्या रुमालाकडे बघितलं नाही. तुझ्या मानेकडे बघत होतो."

तेजल खाली पाहू लागली.

"तुला तो नियम माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. धुळं वर लिहिलं की पहिल्या फेरीत ते लागणार, आणि लागलं की बसावंच लागणार. समुद्राचं नाव कागदावर राहील, पण तिथवर कुणी पोचणार नाही. आपण लिहिलं होतं, नशिबात नव्हतं, असं तुला जन्मभर म्हणता येईल. हेच योजलंस ना?"

 ती म्हणाली, "पप्पा एकटे पडतील."

"निंबा म्हणाला तसं?"

"ते कधीच काही म्हणत नाहीत. 'तुला हवं ते भर' म्हणतात. पण मागं मी नाशिकला मावशीकडे राहिले होते ना, तेव्हा त्यांनी रोज खिचडीच खाल्ली. शेजारच्या काकूंनी सांगितलं मला."

"त्याला खिचडी आवडते."

"गुरुजी, थट्टा नको."

"बरं, नाही करत." गुरुजींचा आवाज मऊ झाला. "बाळ, मिळण्याचा क्रम लावायला मुंबई-पुण्याला माणसं बसलीत, यंत्रं आहेत. तुला फक्त मनाचा क्रम लिहायला सांगितलाय. तो दुसरं कुणी लिहू शकत नाही. ती माणसं नाही म्हणाली तर म्हणू देत, तो त्यांचा अधिकार. त्यांनी म्हणायच्या आधी तू स्वतःला नाही म्हणू नकोस. आणि निंबाचं उत्तर निंबाला देऊ दे. त्याच्या वतीनं तू नकार दिलास, तर त्याला कधी कळणारही नाही की आपल्याला कुणी विचारलं होतं."

वारा सुटला होता. कबुतरे उडून छपरावर जाऊन बसली.

"ओट्यावर मी भरती-ओहोटी शिकवत होतो," गुरुजी म्हणाले, "तेव्हा तू विचारलं होतंस, ओहोटीत मासे कुठं जातात. आठवतं?"

"तुम्ही म्हणालात, सांगतो उद्या."

"अजून सांगितलेलं नाही. मला माहीत नाही. समुद्र मी एकदाच बघितलाय, तोही सहलीच्या पोरांची डोकी मोजत."

तेजल उठली. रुमाल झटकून घडी केली आणि रस्ता ओलांडून दुकानात गेली. गुरुजी मागोमाग गेले, पण आत शिरले नाहीत. बाहेरच्या स्टुलावर बसले.

निंबा यंत्रावर एक काळे कव्हर शिवत होता. तेजलने सगळे सांगितले. धुळे खाली न्यायचे आहे, समुद्राकाठचे वर आणायचे आहे. मिळेल की नाही ते गुणांच्या काठावर आहे. मिळालेच, तर सणावारालाच येता येईल.

यंत्र थांबले.

"आपल्या घरात कधी मासा शिजला नाही," निंबा म्हणाला, "आणि पोरगी माशांची डॉक्टर होणार."

"डॉक्टर नाही, पप्पा."

"तेच ते." त्याने सुईखालचा दोरा तोडला, पुन्हा ओवला. दोऱ्याचे टोक दोनदा चुकले. "पुण्याची गाडी सव्वादहाची ना?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"ती लागली की तू पायरीवर येऊन उभी राहतेस. आलेल्या गिऱ्हाइकाला पाणीसुद्धा विचारत नाहीस. मला वाटलं, कधीतरी बोलशील." बाहेर गुरुजींकडे पाहून तो म्हणाला, "मास्तर, बरोबर ना? ही बोलत नव्हती, मग मीही नाही बोललो."

"दोघं एकाच मातीचे," गुरुजी म्हणाले.

निंबाने कव्हर उलटे करून शिवण तपासली. ती सरळ होती, तरी तो तपासत राहिला. मग म्हणाला, "मी नाही म्हणणार नाही, तेजू. पण आतून हो म्हणायला मला जरा दिवस लागतील. तोवर तू भरून टाक. तुझी मुदत आज आहे, माझी नाही."

तिने मान हलवली.  थोड्या वेळाने यंत्र पुन्हा सुरू झाले. तेजलने तिथेच यंत्राशेजारी बसून मोबाइलवर क्रम बदलला: समुद्राकाठचे वर, मग राहुरी, मग बाकीची, धुळे सहावे. निंबाने यंत्र चालवता चालवता एकदा पडद्याकडे पाहिले आणि पुन्हा सुईकडे पाहिले.

पहिल्या फेरीत तिला दुसऱ्या पसंतीचे राहुरी मिळाले. तिने ती जागा राखून ठेवली. दुसऱ्या फेरीत काही बदल झाला नाही. तिसऱ्या फेरीत समुद्राकाठचे कॉलेज मिळाले. सोमवार, १ सप्टेंबरला सव्वादहाची गाडी पहिल्या फलाटावर लागली, तेव्हा निंबाने खिडकीतून रुमाल टाकला. तेजलला डावीकडची, खिडकीजवळची जागा मिळाली.