चार बोटं माया

मी आता रोज टेकडी चढतो. लोकांना वाटतं, वैद्यांचा गुण. खरा गुण रखमाजी शिंप्याचा.

इनामदार असताना मी एकच काम मन लावून करी, ते म्हणजे उद्यावर ढकलणं. त्या वर्षी मी जाहीर केलं, दसऱ्यापर्यंत पोट उतरवणार. रखमाजीला बजावलं, "अंगरखा आजच्या मापाहून चार बोटं कमी शिव."

मग उद्यापासून, सोमवारपासून, अमावस्या सरल्यापासून, असं करता करता दसरा उजाडला. चावडीवर सोनं द्यायला गाव जमलेलं. सगळ्यांदेखत अंगरखा चढवला, तर बंद काही जुळेनात. बायका पदराआड हसू लागल्या.

मी गरजलो, "रखमाजी, घट्ट शिवलास! तुझं दुकानच उठवतो गावातून!"

"अंगरखा घट्ट नाही, सरकार," तो शांतपणे म्हणाला. "शब्द सैल पडलाय."

मग त्यानं तिथंच शिवण उसवली. आत चार बोटं जादा कापड दुमडून ठेवलेलं होतं. शिंपी त्याला माया म्हणतात. ती सोडून त्यानं टाके घातले, तसा अंगरखा नेमका बसला.

मी हळूच विचारलं, "म्हणजे तुला आधीच ठाऊक होतं?"

"वीस वर्षं आपलं माप घेतोय, सरकार."