धुरपाचं बोट

विश्वास कुणावर ठेवावा हो, घरच्यासारख्या माणसावर की वाटेत भेटलेल्या परक्यावर? एवढी वर्षं दुकानात बसून मला याचं उत्तर देता येत नाही. पण वाघजाळीच्या धुरपाची गोष्ट सांगता येते.

फार मागं, घाटमाथ्यावरच्या वाघजाळीत धुरपा आणि तिचा नवरा रत्नू हे घिसाडी जोडपं पाल ठोकून उतरलं होतं. तो घण मारी, ती भाता ओढी. एका सकाळी मिठाचे व्यापारी अंतूशेट घाटात गळा चिरलेले सापडले. धुगधुगी होती. शेजारी सुरी पडलेली, रत्नूनं घडवलेली. झालं! गावानं रत्नूला बांधला आणि पाटलानं त्याला कड्यावरून लोटायचा हुकूम दिला.

अंतूशेटचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. त्यांचे भागीदार भिवशेट त्यांचं डोकं मांडीवर घेऊन ढसाढसा रडत होते. नका रे त्याला बोलायला लावू, सुखानं जाऊ द्या, म्हणत होते.

धुरपा धावत आली ती नवऱ्याकडे गेलीच नाही, जखमीपाशी बसली. गळ्याच्या खळगीत भोक पडलं होतं आणि श्वास तिथूनच सूं सूं करत होता.

"पाटील, ह्येचा भाता फाटलाय," ती म्हणाली. "वारा वर पोचंना, मग बोलंल कशानं?"

तिनं भोकावर बोट दाबलं आणि विचारलं, "कुणी केलं, दादा?"

कोंडलेला वारा वर चढला, आणि ज्याला गावानं मेल्यात धरलं होतं तो बोलला.

"ज्याच्या मांडीवर..."

धुरपानं बोट उचललं, छाती भरू दिली, पुन्हा दाबलं.

"...माझं डोकं आहे."

भिवशेटचं रडणं अर्ध्यावरच थांबलं. हात अजून मित्राच्या केसांत होता. वर्षाच्या नफ्याची दोघांतली वाटणी दुसऱ्या दिवशी व्हायची होती म्हणे.

असं म्हणतात, त्या शब्दांसरशी पालातला भाता आपोआप हलला आणि विझलेले निखारे फुलले. असंही म्हणतात, की रत्नूचे दोर सोडायच्या आधीच धुरपानं ते भोक भात्याच्या वादीनं शिवून टाकलं. अंतूशेट पिकल्या केसांचे होईतो जगले. बोलताना मध्येच सूं करायचे, एवढंच.

वाघजाळीच्या बाजारात भागीदार आजही वाटणीला बसले, की गळ्याच्या खळगीवर बोट ठेवून धुरपाचं नाव घेतात, मगच आकडा बोलतात. मीही बसलोय तसा. बोटाखाली आपलाच श्वास थरथरतो.

तुम्हीही उद्या कुणाबरोबर भागीत धंदा कराल. बोट ठेवा, नका ठेवू, तुमची मर्जी. हिशेब तेवढा खरा ठेवा, एवढं माझं ऐका.