काळ्या चिखलातली तिळी

केवड्याच्या बनापलीकडे, टेकडीच्या पायथ्याला एक फुलबाग होती. पिवळी, केशरी, जांभळी, गुलाबी, इतक्या रंगांची फुलं तिथे फुलायची की फुलपाखरांना कुठे बसावं ते सुचायचं नाही. बागेच्या फाटकाजवळ एका खोलीत वेणू आणि तिची आई राहायच्या. वेणू नऊ वर्षांची होती. तिच्या परकराला चार ठिगळं होती, चारही वेगवेगळ्या रंगांची, आणि वेणूला ती फार आवडायची.

आई बागेची झाडलोट करायची, रोपांना पाणी घालायची. पण एके दिवशी विहिरीच्या पायरीवरून तिचा पाय घसरला आणि गुडघा दुखावला. तीन महिने झाले तरी तिला पाय जमिनीवर टेकवता येत नव्हता. मग आईचं सगळं काम वेणू करू लागली. सकाळी पाणी घालायचं, दुपारी पानं गोळा करायची आणि रात्री आईच्या गुडघ्याला शेक द्यायचा. कधीकधी घरात नुसती भाकरी आणि मीठ असायचं. तरीही वेणू त्यातला तुकडा खिडकीत येणाऱ्या साळुंकीला द्यायचीच.

बागेच्या मधोमध एक काचघर होतं. त्यात होती भलीमोठी काचेची टाकी. टाकीत निळ्या चकाकत्या अंगाचे इवले इवले मासे होते, आणि डाळिंबाच्या दाण्यासारख्या लालचुटुक, चिमुकल्या कोळंब्या होत्या. पूर्वी त्या दिवसभर हिरव्या शेवाळात बागडायच्या. हल्ली मात्र सगळं बदललं होतं. टाकीच्या तळाची माती काळी पडली होती. तिच्यातून घाण वासाचे बुडबुडे वर यायचे. मासे वर येऊन तोंड उघडायचे, कोळंब्या कोपऱ्यात गोळा होऊन बसायच्या.

एका सकाळी बागेच्या मालकीणबाई काचघरात आल्या. त्यांचं नाव चंद्राबाई. त्या वाईट नव्हत्या, पण फार घाईच्या होत्या.

"अगंबाई, काय हा वास!" नाकाला पदर लावत त्या म्हणाल्या. "उद्या फुलांचा मेळा. गावोगावचे लोक येणार. वेणू, माळ्यांना सांगते, ही टाकी आत्ताच्या आत्ता ओढ्यात ओतून टाका."

"ओढ्यात?" वेणूचे डोळे मोठे झाले. "बाईसाहेब, ओढ्यावर बगळे टपून बसलेले असतात! आणि ओढ्याचं पाणी किती गार असतं. हे मासे, या कोळंब्या जगणार नाहीत."

"मग काय करू? माती तर बदललीच पाहिजे."

"मी बदलते," वेणू म्हणाली. आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर कळलं. "सगळ्यांना बाहेर काढते, माती बदलते आणि परत आत सोडते."

चंद्राबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "दिवेलागणीला येईन मी. तोवर टाकी लख्ख झाली तर ठीक. नाहीतर ओढा."

त्या गेल्या. वेणू टाकीच्या काचेला कपाळ टेकवून उभी राहिली. "कसं करू गं मी हे?" ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात टाकीतल्या शेवाळाचा एक झुपका हलला. एक बुडबुडा वर आला, पाण्यावर टपकन फुटला, आणि त्यातून निघाली एक परी! उंचीला करंगळीएवढी. अंगात मऊ हिरव्या शेवाळाचा झगा, केसांत मोत्यांसारखे बुडबुडे, आणि पंख म्हणजे पाण्यावर पडलेलं ऊनच जणू.

"मी शेवाळपरी," ती किणकिणत्या आवाजात म्हणाली. "माझ्या लेकरांसाठी तू शब्द टाकलास. म्हणून हे घे." तिने वेणूच्या तळहातावर तीन पाण्याचे मणी ठेवले. एक निळा, एक सोनेरी, एक पांढराशुभ्र. "या तीन इच्छा. पण नियम ऐक हं. जे काम हातांनी होतं, ते इच्छेने मागायचं नाही. मणी मुठीत धरायचा, डोळे मिटायचे आणि सावकाश शंभर आकडे मोजून मग मागायचं. आणि सूर्य टेकडीआड गेला, की उरलेला मणी म्हणजे नुसता पाण्याचा थेंब."

"शंभर? एवढे का गं, परीताई?"

"घाईत मागितलेलं नेहमी चुकतं म्हणून," परी हसली आणि पुन्हा शेवाळात शिरली.

वेणू धावत खोलीवर गेली. तिने आईला सगळं सांगितलं. "आई, आता तुझा गुडघा बरा होणार! पांढरा मणी मी तुझ्यासाठीच ठेवणार आहे."

आईने तिच्या गालावरून हात फिरवला. "आधी दिलेला शब्द पाळ, बाळा. चल, मलाही घेऊन चल. बसल्या बसल्या होईल ते मी करीन."

वेणूच्या खांद्याचा आधार घेत, एका पायावर लंगडत आई काचघरात आली आणि दारातल्या दगडी बाकावर बसली. वेणूने मालकीणबाईंचं चकचकीत तांब्याचं घंगाळ ओढत आणलं. त्यात टाकीतलं पाणी काढायचं, मग मासे. पण तिने जाळी पाण्यात घातली मात्र, मासे सैरावैरा पळाले, कोळंब्या टुणटुण उड्या मारत दगडांआड दडल्या.

'यांना माझं म्हणणं कळत नाही, आणि मला यांचं,' वेणूच्या मनात आलं. हे काही हातांनी होणारं काम नव्हतं. तिने निळा मणी मुठीत धरला, शंभर आकडे मोजले आणि म्हणाली, "मला यांची भाषा कळू दे."

लगेच तिच्या कानात किलबिलाट झाला!

"तांबं नको! तांबं नको!" कोळंब्या एका सुरात ओरडत होत्या. त्यांच्यातली सर्वांत मोठी, मिश्या पांढऱ्या झालेली आजी पुढे आली. "पोरी, तांब्याच्या भांड्यातलं पाणी आम्हाला विष असतं. मातीचं भांडं नाही का तुझ्याकडे?"

"बरं झालं सांगितलंत, आजी!" वेणू म्हणाली. मातीची भांडी तर त्यांच्या घरात होतीच. तिने तीन मडकी आणली.

मग आजी सांगत गेली आणि वेणू करत गेली. आधी टाकीतलं वरचं स्वच्छ पाणी मडक्यांत आणि बादल्यांत भरलं. मग झाडं आणि शेवाळ अलगद काढून त्याच पाण्यात ठेवलं.

"शेवाळ आणि हे गुळगुळीत दगड धुऊ नकोस हं," आजी म्हणाली. "त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारे आमचे सोबती राहतात. ते आमचं पाणी गोड ठेवतात."

कोळंब्या एकेक करून जाळीत आल्या आणि मडक्यातल्या शेवाळाला बिलगल्या. मासे दुसऱ्या मडक्यात गेले. एक खोडकर मासा तिथूनही उंच उडाला, आईने त्याला पदरात झेललं! "अरे लबाडा!" म्हणत तिने त्याला परत पाण्यात सोडलं आणि मडक्यावर मलमलचं फडकं बांधलं.

मग वेणूने काळी माती खरवडून बाहेर काढली. तिचा नुसता ढीग झाला. टाकी पुसली. तिने ओढ्याकाठची बारीक, गव्हाच्या रंगाची वाळू आणली आणि आईने ती धुतली. एकदा, दोनदा, सात वेळा धुतली, तेव्हा कुठे पाणी नितळ निघालं. वाळू तळाला पसरून वेणूने त्यावर एक बशी ठेवली आणि जुनं पाणी बशीवर हळूहळू ओतलं. वाळूचा एक कणही उडाला नाही.

आता अर्धी टाकी भरायची होती ती विहिरीच्या पाण्याने. पण ते पाणी बर्फासारखं गार! चूल पेटवावी तर लाकडं ओली, आणि आभाळ भरून आलेलं. वेणूने सोनेरी मणी मुठीत धरला. "…अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर. मला उन्हाची एक तिरीप हवी."

ढगांत बोटभर फट पडली. तिथून सोनसळी ऊन उतरलं ते थेट बादल्यांवर! पाणी हळूहळू कोमट झालं, अगदी मडक्यातल्या पाण्याएवढं. टाकी भरली. नवी वाळू मधासारखी चमकू लागली. सूर्य टेकडीच्या माथ्याशी आला होता.

"आता माझा पांढरा मणी!" वेणू आनंदाने म्हणाली आणि डोळे मिटणार, तोच मडक्यातून रडण्याचा आवाज आला.

"आमची तिळी नाही गं!" आजी हुंदके देत होती. "सगळ्यांत धाकटी. तिळाएवढी आहे. ती मातीत लपली होती!"

वेणूने काळ्या चिखलाच्या ढिगाकडे पाहिलं. वरून तो सुकायला लागला होता. तिने मुठीतल्या मण्याकडे पाहिलं. चिखल हातांनी शोधता येतो, म्हणजे तिळीला इच्छेने मागता येणार नव्हतं. आणि आईसाठी शंभर आकडे मोजत बसलं, तर तोवर तिळीचा श्वास… तिचे डोळे भरून आले.

"आई, सगळ्यांत धाकटी तिळी चिखलात राहिली! मी काय करू?"

आईने दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ती हसली. "माझा गुडघा उद्याही दुखेल गं. पण ती तिळी उद्या नसेल. जा, लवकर शोध."

वेणूने मणी झाडाच्या पानावर ठेवला. पांढऱ्या ताटात जुनं पाणी घेतलं आणि त्यात चिखलाची एकेक मूठ सोडून ती निरखू लागली. काहीच नाही. दुसरी मूठ, दहावी मूठ. "तिळी! ए तिळी! घाबरू नकोस, ओ दे!" सूर्याची कड टेकडीला लागली. विसावी मूठ. ऊन केशरी झालं, मग गुलाबी. पंचविसाव्या मुठीत काहीतरी टुणकन उडालं!

"मी इथे आहे," बारीकसा आवाज आला. "खूप अंधार होता."

वेणूने तिळीला पाणी भरलेल्या कोऱ्या पणतीत घेतलं. त्याच क्षणी सूर्य मावळला. पानावरचा पांढरा मणी विरघळला आणि साधा थेंब होऊन खाली गळून गेला. वेणूने ते पाहिलं. तिने एकदाच नाक ओढलं आणि ती कामाला लागली.

चंद्राबाई कंदील घेऊन आल्या. "टाकी तर सुंदर झालीय! पण मासे अजून मडक्यातच? सोड पटापट!"

"नाही, बाईसाहेब," वेणू ठामपणे म्हणाली. "एकदम सोडलं तर नव्या पाण्याचा त्यांना धक्का बसेल." तिने टाकीतल्या पाण्यात सुती दोऱ्याचं एक टोक बुडवलं, दुसरं मडक्यात सोडलं. टप… टप… थेंब थेंब नवं पाणी जुन्यात मिसळू लागलं. "तुम्ही बसा ना इथे. बघायला मजा येते."

आयुष्यात कधी स्वस्थ न बसलेल्या चंद्राबाई आईशेजारी बाकावर बसल्या. बराच वेळ गेला. मग वेणूने आधी कोळंब्या सोडल्या, त्यांना शेवाळात घरं शोधू दिली, आणि नंतर मासे. निळ्या ठिणग्या आणि लाल डाळिंबदाणे टाकीभर नाचू लागले. सर्वांत शेवटी पणतीतून तिळी उतरली आणि आजीच्या मिशीला लोंबकळली.

"अगंबाई!" चंद्राबाई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत म्हणाल्या. "वेणू, आजपासून हे काचघर तुझं. झाडलोट करायला मी दुसरी माणसं ठेवते. तू सकाळी शाळेत जायचंस आणि संध्याकाळी यांना सांभाळायचंस." आणि मैत्रिणींना ही टाकी बघायला बोलवायचं म्हणून त्या लगबगीने निघून गेल्या.

त्या दिसेनाशा झाल्या तशी टाकीतून शेवाळपरी वर आली.

"परीताई, माझी इच्छा संपली ना?" वेणूने विचारलं.

"संपली. मागितलेलं देताना मला नियम पाळावे लागतात," परी म्हणाली. "पण न मागितलेलं देणं ही माझी खुशी असते. त्याला कसले आलेत नियम?"

ती आईच्या गुडघ्यावर जाऊन बसली आणि तिने आपले दोन्ही पंख त्यावर टेकवले. हिरवा, निळा, मोतिया उजेड झरझर पसरत गेला. टाकी उजळली, काचघर उजळलं, बागेतली मिटलेली फुलंसुद्धा चुकून उमलली. वेणूने डोळ्यांवर हात धरला. हात काढला तेव्हा परी नव्हती. हवेत एक चमचमता बुडबुडा तेवढा तरंगत होता. तोही फुटला.

आई उठून उभी राहिली. तिने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. मग तिने पदर खोचला आणि हसत हसत बागेच्या वाटेवरून अशी भरभर निघाली, की वेणूला तिच्यामागे पळावं लागलं.

"अगं आई, थांब ना!" वेणू ओरडली. "मी मागे राहिले!"